नकाशातून गळलेली वाट

माझ्या मावशीने पस्तीस वर्षं डोंगर काढले, पण त्यातल्या एकावरही ती कधी चढली नव्हती.

ती नकाशाच्या कचेरीत ट्रेसर होती. मोजणीची माणसं रानोमाळ हिंडून कच्चा नकाशा आणायची. त्यावर मेणचट कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची, हे तिचं काम. उंचीच्या रेषा, ओढे, विहिरी, पायवाटा, एकेक घर म्हणजे एकेक काळा चौकोन. लांबलचक खोलीत चौदा तिरकी टेबलं होती, आणि शाई वाळेपर्यंत खोकायचीसुद्धा चोरी. रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, वर बोटाच्या नखाने घासून कापड गुळगुळीत करायचं आणि पुन्हा काढायची.

ती नोकरीला लागली तेव्हा खिडक्यांजवळची टेबलं पुरुषांना आणि आतली अंधारातली बायकांना, असा रिवाज होता. तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी ती तासभर आधी आली, आपलं टेबल एकटीने ओढत खिडकीशी नेलं आणि कामाला बसली. हेड ट्रेसर येऊन म्हणाले, "हे काय?" ती म्हणाली, "उजेड." टेबल पुढे तिथेच राहिलं. तिच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे कचेरीला त्या दिवशी कळलं. आमच्या घराला ते आधीपासूनच ठाऊक होतं.

कॉम्प्युटर आले, टेबलं भंगारात गेली, आणि मावशीच्या निवृत्तीच्या महिन्यातच जुन्या नकाशांचे गठ्ठे रद्दीत काढायचं ठरलं. निरोपाच्या समारंभात साहेब तिला भिंतीवरचं घड्याळ द्यायला पुढे झाले.

"घड्याळ तुमच्याकडेच ठेवा, साहेब," मावशी भर सभेत म्हणाली. "वेळेवर यायची सवय मला आहे. मला द्यायचंच असेल तर रद्दीतले तीन कागद द्या."

तिने मागितलेले तिन्ही कागद एकाच भागाचे होते. एक नव्वद वर्षांपूर्वीच्या मोजणीचा, दुसरा पन्नास वर्षांपूर्वीचा, तिसरा ती नोकरीला लागली त्या सुमाराचा. त्या भागात एक डोंगर होता, कण्यासारखा लांब, मध्ये खिंड. त्याच्या उंचीच्या रेषा इतक्या दाट की एका इंचात चाळीस. नोकरीतलं तिचं पहिलं मोठं काम तेच, पण त्या डोंगराचे कागद तिघाचौघांत वाटलेले होते; हा तिसरा नेमका कुणी काढला ते तिला आठवत नव्हतं. तिला चष्मा लागला तो त्या डोंगरापायी. "ज्याने माझे डोळे खाल्ले, तो एकदा पायाखाली घालायचाय," असं म्हणून तिने त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आई म्हणाली, "अगं, तिथे आपलं कोण आहे?" मावशी म्हणाली, "डोंगर."

गिरणी चालू असली की वरची जमीन थरथरायची, कपातला चहा हिंदकळायचा आणि टेबलावरची पेन्सिल आपली आपण चालत कडेला जायची. म्हणून नकाशे पसरायचे ते दुपारी, गिरणीवाला जेवायला गेला की. तेवढ्या तासाभरात ती भिंग घेऊन तिन्ही कागद शेजारी शेजारी लावून बघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होकायंत्र, डबा, पाण्याची बाटली घेऊन डोंगराला लागायची. पायाने अंतर मोजायची. गावात तिचं नाव पडलं रेघबाई. कुणी विचारायचं, "काय रेघबाई, सापडला का खजिना?" ती म्हणायची, "सापडला तर तुला सांगेन असं वाटतं का?"

तिला काय सापडलं ते तिने मला फोनवर सांगितलं. नव्वद वर्षांपूर्वीच्या कागदावर डोंगराच्या पाठीमागे अकरा काळे चौकोन होते, शेजारी एक विहीर, छोटी दफनभूमी आणि बारीक अक्षरांत वस्तीचं नाव. गावातून निघून खिंडीतून त्या वस्तीवरून पलीकडच्या मोठ्या रस्त्याला उतरणारी तुटक रेघ होती, म्हणजे पायवाट. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदावर चौकोन गेले होते, फक्त 'ओसाड' एवढा शब्द उरला होता. पायवाट मात्र होती. तिसऱ्या कागदावर वस्ती नाही, शब्द नाही, पायवाटही नाही. उंचीच्या रेषाच तेवढ्या, जणू तिथे माणूस कधी फिरकलाच नव्हता.

"आणि प्रत्यक्षात?" मी विचारलं.

"प्रत्यक्षात वाट आहे ना! रोज सकाळी दहा-बारा बायका तिच्यावरून जातात. पलीकडे फळांच्या पेट्या भरायची शेड आहे, तिथे कामाला. गाडीरस्त्याने सात मैल, खिंडीतून दोन. वाट नकाशातून गेली, पण पायांतून गेली नाही."

चौकोनांच्या जागी तिला काटेरी झुडपांत जोती सापडली. अकरापैकी नऊ. एका जोत्याच्या उंबऱ्याचा दगड मधोमध झिजून बशीसारखा झाला होता. तिथे बसून ती डबा खात असताना काठी टेकत एक म्हातारी आली. ती गावची सुईण, वय चौऱ्याऐंशी. अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं.

"पोरी," सुईण म्हणाली, "तू बसलीस ते आमचं घर. बस, बस. कितीतरी वर्षांनी कुणीतरी आलंय."

सुईण त्या वस्तीत जन्मलेली. ती सात वर्षांची असताना तापाची साथ आली, तीन आठवड्यांत निम्मी माणसं गेली, उरलेली खाली गावात आली. गावाने जागा दिली ती कडेची, आणि नाव दिलं 'वरचे'. वरचे म्हणजे कुठून तरी आलेले, ज्यांचा ठावठिकाणा नाही असे. भांडण झालं की अजूनही कुणीतरी म्हणायचंच, "तुम्ही वरचे, तुमचं इथे काय?" सुईणीचे नातूसुद्धा ते ऐकत मोठे झाले. मावशीने तिला जुना कागद दाखवला, बोटाने चौकोन दाखवले, नाव वाचून दाखवलं. सुईणीला वाचता येत नव्हतं. तिने त्या नावावर नख ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही होतो."

"होतात की," मावशी म्हणाली. "सरकारने शाईने लिहून ठेवलंय."

त्यानंतर दोघी आठवड्यातून एकदा वर जाऊ लागल्या. विहिरीच्या तोंडावरचं शेवाळलेलं झाकण मोकळं केलं, राहिलेली दोन जोती सुईणीने काठीने दाखवली. हे असं वर्षभर चाललं. मग डोंगरावर दगडखाणीची कंपनी आली.

डोंगराची मागची बाजू कंपनीने भाडेपट्ट्याने घेतली आणि खिंडीच्या तोंडाशी तारेचं कुंपण घातलं. फाटकाला कुलूप आणि एक पहारेकरी. कामाला निघालेल्या बायका सकाळी तिथे पोचल्या तर पहारेकरी म्हणाला, "वाट बंद." त्यांनी गाडीरस्त्याने जायचं ठरवलं तर पहाटेच घर सोडावं लागणार. त्यांतल्या दोघींनी त्याच आठवड्यात काम सोडलं. गावाच्या पंचांनी कंपनीकडे विचारणा केली. उत्तर आलं, इथे वाट नव्हतीच.

मावशीने जमिनीच्या कचेरीत अर्ज टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, वाट नाही," पहारेकरी म्हणाला.

"मग मी उभी आहे ते कशावर?"

"साहेबांनी सांगितलंय नाही म्हणून."

"साहेबांचं वय काय?"

"असेल चाळीस."

"वाटेचं नव्वदाच्या वर आहे. मोठ्यांचं ऐकावं," असं म्हणून साठीला टेकलेली माझी मावशी जमिनीवर बसली आणि खालची तार उचलून सरपटत पलीकडे गेली. कोट फाटला. पहारेकऱ्याला काय करावं सुचेना. त्याने तिला हात धरून उठवलं, कारण तिचा गुडघा आखडला होता. मग ती वस्तीपर्यंत चालून गेली आणि तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी सुईण आली. पुढच्या आठवड्यात शेडमधल्या बायका आल्या, एकापाठोपाठ एक तारेखालून. पहारेकऱ्याने कंपनीला कळवलं की मनुष्यबळ कमी पडतंय. कंपनीने खाली आणखी एक तार ठोकली. बायकांनी घरून लांब फळी आणली आणि तारेवर तिरकी टेकवून वरून गेल्या.

सुनावणीच्या दिवशी मावशीने जुने दोन कागद नेले. कंपनीच्या वकिलाने एक नवाकोरा नकाशा काढला. कॉम्प्युटरवरचा, रंगीत.

"हा सध्याचा अधिकृत नकाशा," वकील म्हणाले. "तिसऱ्या आवृत्तीवरून तयार केलेला. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीसुद्धा इथे पायवाट नव्हती. पूर्वी कधी असेल, ती मोडली. आता सोय म्हणून नवी पाडतायत."

जमिनीच्या कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही कागद आणि तो नकाशा पाहिला आणि म्हणाले, "बाई, नकाशात नाही म्हणजे नाही, असंच मला धरावं लागतं. पंधरा दिवसांत काही पुरावा असेल तर आणा."

त्या संध्याकाळी मावशीने तिसरा कागद काढला आणि तो वस्तीच्या जागी न बघता कडेने बघितला. कडेच्या समासात, खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत ट्रेसरची आद्याक्षरं असतात. तिने भिंग लावलं. आद्याक्षरं तिचीच होती.

तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचा मला फोन आला. "ताई, तुमच्या मावशी जेवत नाहीयेत. कुंपणाकडेही गेल्या नाहीत. मी गिरणी बंद ठेवून बघितली, तरी काही बोलत नाहीत. या तुम्ही."

मी गेले तर ती खुर्चीत बसली होती, कोट अंगात, बूट पायात, जणू कुठेतरी निघता निघता बसली आहे. टेबलावर तो कागद. तिने मला सगळं सांगितलं. तेवीस वर्षांची होती ती. डोंगराच्या रेषा इतक्या दाट झाल्या होत्या की पायवाटेची तुटक रेघ त्यांत गुंतत होती, छपाईत काळा गोळा झाला असता. हेड ट्रेसर मागून आले, वाकून म्हणाले, "ही काढून टाक. कोण कुत्रं जातंय तिथून?" तिने ब्लेड घेतलं आणि खरवडली.

"किती वेळ लागला असेल? फार तर दहा मिनिटं," ती म्हणाली. "वाट पिढ्यानपिढ्या चालून झालेली, आणि मी दहा मिनिटांत संपवली. नंतर डबा खाल्ला असेन. आद्याक्षरं बघेपर्यंत आठवतही नव्हतं मला."

"तुला सांगितलं म्हणून तू केलंस."

"बायकांनी अंधारात बसायचं असंही सांगितलंच होतं. तेव्हा ऐकलं का मी?"

मी तिला समजावलं की गप्प राहा. जुने दोन कागद आहेत, बायकांच्या साक्षी आहेत, कशाला आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेस? वकील तुझ्या चिंध्या करून ठेवेल.

"आणि त्याने विचारलं, तिसऱ्यात का नाही, तर काय सांगू? उंदराने खाल्ली?"

ती उठली, तोंड धुतलं, गिरणीवाल्याला खाली हाक मारून भाकरी आहे का विचारलं आणि दीड भाकरी खाल्ली. मग म्हणाली, "कापड जपून ठेवलेलं असणार. नकाशे रद्दीत गेले, पण मूळ ट्रेसिंगची कापडं तळघरात असतात. खरवडलेली रेघ दिसत नाही, पण ती जात नाही. कापड तिथे पातळ होतं. उजेडासमोर धरलं की कळतं." आणि लगेच अर्ज लिहायला बसली. खाली गिरणी सुरू होती, त्यामुळे त्या अर्जातलं प्रत्येक अक्षर थरथरलेलं आहे. मी पुन्हा लिही म्हटलं, तर म्हणाली, "वाचता येतंय ना? मग झालं."

दुसऱ्या सुनावणीला खोली भरली होती. शेडमधल्या बायका कामावर खाडा करून आल्या होत्या. सुईण पहिल्या बाकावर. मावशी उभी राहिली आणि वकिलांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "साहेब, तिसऱ्या नकाशात वाट का नाही ते मी सांगते. ती मी काढून टाकली. हा हात."

तिने हात वर केला.

वकील सावरले. "म्हणजे सरकारी नकाशात तुम्ही हेतुपुरस्सर चूक केलीत, हे कबूल करता?"

"करते."

"याची चौकशी होऊ शकते, माहीत आहे?"

"होऊ द्या. चौकशी झाली तर आणखी चार लोकांना कळेल की इथे वाट होती."

"बाई, तुमचं वय झालंय. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची एक रेघ तुम्हाला कशी आठवेल?"

"माझं सोडा. कापडाला आठवतं. ते मागवलंय."

नकाशा कचेरीचा शिपाई मागे पत्र्याची लांब नळी घेऊन बसला होता. साहेबांनी त्याला पुढे बोलावलं. कापड पिवळट झालं होतं, कडा वळल्या होत्या. मावशीने हात लावला नाही. "तुम्हीच धरा, साहेब. नाहीतर म्हणतील मी काही केलं." साहेब खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि कापड उजेडासमोर धरलं. मावशी लांबूनच म्हणाली, "खिंड बघा. डावीकडून चौथ्या ओढ्याच्या वर."

साहेबांनी कापड थोडं वर सरकवलं. मग त्यांनी वकिलांना बोलावलं. मी मागून मान उंच करून पाहिलं. दाट काळ्या रेषांमधून फिकट ठिपके वर चढत गेले होते, खिंड ओलांडून पलीकडे उतरले होते. जिथे खरवडताना उंचीच्या रेषा तुटल्या, तिथे त्या पुन्हा जोडल्याचंही दिसत होतं. शाई जरा जास्त काळी.

"हे तर खरवडलेलं आहे," वकील म्हणाले.

सुईण बाकावरून मोठ्याने म्हणाली, "दिसली का? आता आमची घरंही बघा, खाली तिथेच आहेत."

घरं त्या कापडावर नव्हतीच. मावशी नोकरीला लागण्याआधीच ती 'ओसाड' झाली होती आणि कच्च्या नकाशातच कुणीतरी तो शब्दही सोडून दिला होता. तरी साहेबांनी नव्वद वर्षांपूर्वीचा कागद पुन्हा मागितला आणि सुईणीला पुढे बोलावून तिच्याकडून अकराही घरं कुणाची ते लिहून घेतलं. ती सांगत होती, कारकून लिहीत होता.

निकाल दीड महिन्याने आला. पायवाट सहा फूट रुंदीने मोकळी ठेवायची, कुंपणाला तिथे फाटक नको. विहीर आणि दफनभूमीला धक्का लावायचा नाही. वस्तीच्या जोत्यांबद्दल मात्र आदेशात काहीच नव्हतं, कारण ओसाड जागेवर घरांचा हक्क सिद्ध होत नाही. कंपनीने पावसाळ्याआधी पाच जोती फोडली. झिजलेल्या उंबऱ्याचं घर त्यांत गेलं. मावशी तिथे उभी राहून सुरुंगवाल्याशी इतकी भांडली की तिचा आवाज चार दिवस बसला. सुईण भांडली नाही. तिने फक्त एवढं केलं की त्यानंतर गावात कुणी 'वरचे' म्हणालं की ती कचेरीतल्या आपल्या जबाबाची नक्कल काढून समोरच्याला मोठ्याने वाचायला लावायची, अकराही नावांसकट. दोन-तीनदा असं झालं आणि लोकांनी तो शब्द सोडला.

मावशीची चौकशी झाली नाही. तिने स्वतः पत्र पाठवून विचारलं, होणार आहे का म्हणून. उत्तर आलं नाही. याचा तिला खरोखर राग आला.

मग ती पुन्हा टेबलाशी बसली. जुन्या निबा, शाईची बाटली, कुठून तरी मिळवलेलं तेच मेणचट कापड. गिरणी बंद असलेल्या दुपारच्या तासात, असे सात महिने, तिने त्या डोंगराचा नकाशा नव्याने काढला. अकरा चौकोन, प्रत्येकाशेजारी घरधन्याचं नाव, फोडलेली पाच घरं रिकाम्या चौकोनांनी. वाट तिने जाड काढली. नियमापेक्षा दुप्पट जाड. मी म्हटलं, हे प्रमाणात नाही. म्हणाली, "व्याज."

तो नकाशा तिने नकाशाच्या कचेरीत नेऊन दिला. कारकून म्हणाला, हा अधिकृत नाही, घेता येणार नाही. ती म्हणाली, मग तसं लिहून द्या. त्याने लिहून दिलं नाही, नकाशाही घेतला नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. पाचव्या महिन्यात कारकून कंटाळला आणि आवकचा शिक्का मारून नकाशा फाईलला लावला.

गेल्या वर्षी त्या भागाची नवी आवृत्ती छापून आली. मी तिच्याकडेच होते. तिचे गुडघे आता बरेच दुखतात, खिंडीपर्यंत जायला दोन तास लागतात, तरी जाते. टपालाने आलेली गुंडाळी तिने उलगडली, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि भिंग लावलं. तुटक रेघ होती. गावातून निघून, खिंडीतून, पलीकडे. वस्तीच्या जागी नावही होतं, कंसात 'जुनी वस्ती' असं. मी टाळ्या वाजवल्या. ती नाक कागदाला टेकेल इतकी वाकून बघत राहिली.

मग कोट घालायला लागली.

"आता कुठे निघालीस?"

"बसस्टॉपवर. शहाण्यांनी विहीर वाटेच्या उजवीकडे दाखवलीय. ती डावीकडे आहे."

"अगं, एवढ्याशाने काय होतं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी माझा कोट शोधायला लागले.